अण्णांचा डेक

समुद्र सोडून चौदा वर्षं झाली तरी मारुतीअण्णांच्या तोंडातला समुद्र काही आटला नव्हता. गच्चीला ते डेक म्हणत, स्वयंपाकघराला गॅली म्हणत, आणि गोठ्याकडं जायच्या बोळाला गँगवे. सोप्यातल्या खुंटीला त्यांची नौदलातली पितळी शिट्टी टांगलेली असे. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ती चिंचेनं घासून वाजवायची, हा नेम. घासायचं काम त्यांच्या बायकोचं, तानूआक्काचं. वाजवायचं अण्णांचं.

खानापूर रोडवरच्या कुसमेवाडीत, त्यांच्या गावात, खारं पाणी बघायचं तर घाट उतरून गोव्याला जावं लागतं. तिथं हे सगळं हसून सोडून द्यावं असंच होतं, आणि घरातली धाकटी सून दर्शनी वीस वर्षं हसून सोडतही आली होती. पण लक्ष्मीच्या जत्रेला सतरा दिवस उरलेले असताना घरच्या ग्रुपवर अण्णांचा मेसेज आला. मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पुढं जहाजाच्या नांगराचं चित्र: ‘ऑल हॅण्ड्स ऑन डेक!’

दर्शनी तेव्हा शाळेत, स्टाफरूममध्ये चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला.

शहापुरातल्या त्या शाळेत ती एकवीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. हा वाक्प्रचार नववीच्या मुलांना तिनं किती वेळा फोडून सांगितला असेल, मोजदाद नाही. जहाजावरच्या खलाशाला इंग्रज ‘हात’ म्हणायचे. दोर ओढायला, शीड गुंडाळायला मालकाला हातच हवे असत. त्या हातांना चिकटलेलं माणूस परवडलं तर ठीक, नाहीतर नाही. वादळ आलं, आग लागली, माल चढवायची घाई झाली, की हाळी व्हायची, सगळे हात डेकवर. मग झोपलेला, जेवत असलेला, आजारी असलेला, सगळे वर. आज कुणी ऑफिसात म्हणतं, कुणी लग्नघरात म्हणतं. अर्थ एवढाच, की आता सुटका कुणालाच नाही. मुलं वहीत लिहून घेत: ‘सर्वांनी मिळून कामास लागणे.’

सर्वांनी. हा शब्द तिनं फळ्यावर किती वेळा लिहिला होता, आणि अधोरेखित केला होता.

मागची जत्रा अठरा वर्षांपूर्वीची. तेव्हा अण्णा रजेवर आले होते आणि हेच ओरडले होते, अंगणात उभं राहून, कमरेवर हात ठेवून. दर्शनीला लग्न होऊन दोन वर्षं झालेली, पोटात पाच महिन्यांची सौम्या. थोरल्या दिराच्या तोंडचं ते इंग्रजी ऐकून तिला उलट बरं वाटलं होतं. वडगावातल्या तिच्या माहेरी दोन पॉवरलूम होते. ताण्याच्या सुताचं नवं बीम आलं की त्याचे हजारो धागे जुन्या धाग्यांना एकेक करून सांधायचे असत. त्या दिवशी आई सांधायला बसे, आणि भात बाबा लावत. त्यात कुणाला काही वाटत नसे. माग बंद राहिला तर सगळ्यांचीच चूल बंद. तिला वाटलं, इथंही तसंच असणार. तीन दिवस ती उभी राहिली. पातेली घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली. चौथ्या दिवशी अण्णा तिच्या नवऱ्याला, भरमूला म्हणाले, “तुझी बायको मजबूत हाय रं. जहाजावर टिकंल.” पाय सुजून दोन नंबर मोठी चप्पल घालावी लागली होती, ते कुणाला दिसलं नाही.

आणि या वेळी जत्रेचा जेवणाचा बुधवार आणि दर्शनीच्या मुलाखतीचा बुधवार एकच आला.

मुख्याध्यापिकेची जागा. सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव तिचं. तीन वर्षांपूर्वीही पहिलंच होतं. पण त्या दिवशी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं, आणि “मोठ्या सुनंला एकटीला कसं झेपंल” असं म्हणून तिला थांबवून घेतलं गेलं. त्याच शाळेतले सौरव सर तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्यांच्या सख्ख्या बहिणीचा त्या दिवशी साखरपुडा होता. ते तो सोडून आले, मुलाखत देऊन गेले, आणि हेडमास्तर झाले. बहिणीचा साखरपुडा काही मोडला नाही. आता ते संस्थेच्या कॉलेजात गेले होते, आणि या वेळच्या पत्रात खाली स्पष्ट लिहिलं होतं: गैरहजर राहणाऱ्या उमेदवाराचा यापुढे विचार केला जाणार नाही. दर्शनीचं वय सत्तेचाळीस. ‘यापुढे’ म्हणजे कायमचं, हे कळायला इंग्रजीची बाई असायची गरज नव्हती.

रविवारी सोप्यात सगळे जमले. अण्णांनी कार्डशीटवर तक्ता करून आणला होता. ड्यूटी रोस्टर. पट्टी लावून आखलेल्या रेघा, दोन रंगांचं स्केचपेन. भाकरी: दर्शनी, तानू. वाटण: आई, तानू. वाढप: दर्शनी, तानू, सौम्या. भांडी: दर्शनी, सौम्या. मटण: आचारी. गाड्या लावणे: भरमू. पाहुण्यांचं स्वागत: मारुतीराव. सर्व देखरेख: मारुतीराव.

“कुणाला काय शंका?” अण्णा म्हणाले.

“अण्णा, बुधवारी मी न्हाय,” दर्शनी म्हणाली. “अकराला मुलाखत हाय माझी. महिना झाला सांगून.”

“पुढं ढकल म्हणावं त्यास्नी.”

“शाळा माझ्या बाची न्हाय.”

सासू बाळाबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांचा अडकित्ता थांबला. “देवी एकदा गदगेच्या कट्ट्यावर बसली की गावची शीव बांधत्यात. सुनंनं वलांडायची न्हाय. माझ्या सासूनं सांगिटल्यालं.”

“आणि बाप्यांनी, आत्ती?”

“बाप्यांचं काय? त्यास्नी कामं असत्यात.”

दर्शनीनं नवऱ्याकडं बघितलं. भरमू उद्यमबागेत मशीनशॉपला होता, हजारांश मिलिमीटरचा फरक नजरेनं ओळखायचा. पण घरात दोन माणसांच्या मधला फरक दिसायची वेळ आली की त्याला मोबाईल दिसायचा. “बघू की,” तो म्हणाला. “अजून पंधरा दिवस हाईत.”

तिला एकदम राग आला. पण ती शिक्षिका होती. ओरडून काही होत नाही, प्रश्न विचारला की होतं, हे तिला माहीत होतं.

“अण्णा, सौम्याला जरा सांगा की. जहाजावर ऑल हॅण्ड्स म्हटलं की काय व्हायचं?”

अण्णा खुलले. मांडी बदलून बसले. “अगं, काय इचारतीस! विशाखापट्टणमला हुतो आम्ही. रसद चढवायची हुती, आणि वर तुफान येणार म्हणून ऑर्डर. शिट्टी वाजली. ही,” त्यांनी खुंटीकडं बोट केलं, “हीच. धक्क्यापास्नं गोदामापर्यंत रांग. कांद्याची पोती, पिठाची पोती, हातानं हातात. बाजूला बगतो तर कोण? आमचा कप्तान! बाह्या वर सारून. माझ्या हातातनं त्यानं पोतं घेतलं. मी म्हटलं, सर, तुम्ही कशाला? तर म्हणतो कसा, आज हितं सर कोण न्हाय.”

“म्हणजे हुद्दा बघायचा न्हाय,” दर्शनी म्हणाली.

“अजाबात न्हाय! बघितला की बुडालं जहाज.”

“मग या तक्त्यात तुम्ही कुठल्या पोत्याफुडं हायसा, अण्णा?”

सौम्यानं ओठ चावून हसू दाबलं. आतल्या दारात उभी असलेली तानूआक्का पदरात हात पुसत होती, ती पुसतच राहिली.

“ही जत्रा हाय,” अण्णा म्हणाले. आवाज बदलला होता. “जहाज न्हाय.”

“मग मेसेज जहाजाचा कशाला?”

“शिकलेली हाईस म्हणून उलटं बोलायचं?”

“उलटं न्हाय, अण्णा. अर्थ इचारला.”

बाळाबाईंनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय संपल्याची खूण म्हणून उठल्या.

दर्शनीनं तरी घर वाऱ्यावर सोडलं नाही. वडगावातल्या बायकांचा एक बचत गट ऑर्डरीनं भाकरी करून द्यायचा. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला त्याच येत. तिनं त्यांना बुधवारी सकाळी नऊला चारशे भाकरी पोचवायला सांगितलं, तसं घरात सांगितलं, ग्रुपवर लिहिलं. अण्णांनी त्याखाली होकाराचा अंगठा टाकला. तिला वाटलं, चला, भांडलं तर काहीतरी पदरात पडतं.

मंगळवारी देवी आली. हळद, भंडारा, हलगीचा दणका. गावात पाय ठेवायला जागा नाही. वेशीवर लिंबाच्या डहाळ्या बांधल्या, हळदीचा पट्टा ओढला. शीव बांधली गेली. संध्याकाळी दर्शनीनं भाकरीवाल्या बाईंना पत्ता नीट सांगावा म्हणून फोन केला.

“अवो मॅडम, तुमच्या घरनं फोन आल्ता की कालच. क्यान्सल म्हणून. तुमचे दीर बोलत हुते. आम्ही पीठ बी न्हाय मळलं.”

ती तशीच अंगणात गेली. अण्णा खुर्चीवर बसून मांडववाल्याला दोरी कशी बांधायची ते शिकवत होते.

“अण्णा, भाकरीची ऑर्डर का रद्द केलासा?”

“मग काय? पावणे काय म्हणतील? मिलिटरीवाल्याच्या घरात इकतच्या भाकऱ्या? घरच्या हातची चव येगळी.”

“मटणाला आचारी चालतोय की.”

“मटणाची गोष्ट येगळी.”

“का येगळी?”

“येगळी म्हणजे येगळी!”

वेगळी कशी ते तिला ठाऊक होतं. मटणाचा आचारी पुरुष होता आणि त्याचा हात पैसे मोजून ठेवलेला होता. भाकरीचे हात घरात फुकट होते, ते ठेवायचे कशाला? त्यात दुसरी गोष्टही अण्णांनी साधली होती, ती ते बोलले नाहीत: भाकरी नाहीत म्हटल्यावर ही जाते कशी ते बघू.

बुधवारी पहाटे चारला दर्शनी चुलीपुढं बसली. समोर तानूआक्का. थाप, तवा, पाणी, विस्तव. परातीवर दर्शनीचे तळहात असे पडत होते, की शेजारच्या घरात लोकांना वाटावं कुणीतरी कुणाला थोबाडतंय. साडेआठला तिनं मोजल्या. दोघींच्या मिळून दीडशे झाल्या होत्या. ती उठली, न्हाली, मोरपंखी इरकल नेसली, फाईल घेतली.

“आक्का, मी निघाले.”

तानूआक्कानं वर बघितलं नाही. “जा,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मागल्या टायमाला मीच आडीवलं तुला. मला एकटीला झेपना म्हणून. जा तू.”

बाळाबाई दारात आडव्या उभ्या. “देवीचा कोप हुईल. पोरीबाळी हाईत घरात.”

“आत्ती, पोरीबाळी हाईत म्हणूनच निघाले.”

मांडवातून अण्णांचा आवाज आला, “जाऊ दे तिला! बारा वाजता अडीचशे पान उठणार हाय. जिच्यामुळं आब्रू जाईल तिला समदं गाव बगंल.”

तिनं स्कूटर सुरू केली. हात अजून तापलेले होते, हँडल थंड लागलं. वेशीपाशी पोचली तर समोरून भरमू येत होता, मोटरसायकलवर, मागं बर्फाची लादी गोणपाटात बांधलेली आणि पुढं पिशवीत बाटल्या खणखणत होत्या. हळदीच्या पट्ट्यावरून त्याचं चाक तिच्यादेखत आत आलं.

दोघं थांबले.

“आईला काय सांगू?” तो म्हणाला.

“सांगा, तुम्ही जिथनं आत आलासा तिथनंच ती भायेर गेली.”

“आणि भाकरीचं?”

“हात हाईत की दोन. मशीनवर केसाएवढं माप साधतंय, पिठात साधंल.”

तिनं पट्टा ओलांडला. काहीही झालं नाही. एक कुत्रं मागं लागलं आणि कंटाळून परतलं.

मुलाखतीला तिघं बसले होते. कागद चाळता चाळता मधल्या गृहस्थांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघून हसत विचारलं, “आज तुमच्या गावची जत्रा ना, मॅडम? घरचं सगळं सोडून आलात? उद्या शाळेचं आणि घरचं एकाच दिवशी आलं तर काय करणार?”

सकाळपासून आवरून धरलेलं तोंड सुटलं. “सर, मागच्या वेळी सौरव सर बहिणीचा साखरपुडा सोडून आले होते. त्यांना हा प्रश्न विचारला होता का? विचारला असेल तर त्यांचं उत्तर तेच माझं. नसेल विचारला, तर मला का विचारताय तेवढं सांगा, मग मी उत्तर देते.”

त्या गृहस्थांनी कागद पुन्हा चाळले. कोपऱ्यातल्या बाईंनी पुढचा प्रश्न शाळेच्या निकालाचा विचारला आणि उत्तर नीट ऐकून घेतलं. मुलाखतीचा निकाल सोमवारी कळवू, म्हणाले. पायऱ्या उतरताना दर्शनीला वाटलं, गेली जागा. आणि पाठोपाठ वाटलं, गेली तर बोलून गेली. गप्प बसून गेली नाही.

तीन वाजता ती परतली. काय काय झालं ते सौम्यानं दारातच सांगितलं. साडेबाराला भाकरी संपल्या. दुसरी पंगत बसली, आणि अण्णांनी खुंटीवरची शिट्टी काढून वाजवली, आतल्या बायकांना भाकरी आणा म्हणून. भर मांडवात. आतून नुसती तानूआक्का आली, भाकरीची रिकामी बुट्टी घेऊन, आणि ती बुट्टी अण्णांच्या पायाशी ठेवून माघारी गेली. मग भरमू पळत बेकरीत गेला. मिलिटरीवाल्याच्या घरी पावणे मटणाशी पाव खाऊन उठले. खानापूरचे एक पावणे म्हणाले, “वा मारुतीराव, जहाजावर असंच असतंय व्हय?”

मागच्या अंगणात पातेल्यांचा ढीग होता. हंडे, बादल्या, पराती, ताटं. कुणी हात लावला नव्हता. ज्या जागी ती अठरा वर्षांपूर्वी उभी होती त्याच दगडापाशी, जशी काही तिचीच वाट बघत.

“आलीस?” बाळाबाई म्हणाल्या. “भांडी ऱ्हायल्यात.”

दर्शनीनं चपला काढल्या. मांडवात शेवटच्या पंगतीच्या पट्ट्या अजून अंथरलेल्या होत्या. ती जाऊन मधोमध बसली, मोरपंखी इरकल आवरून. एक पत्रावळ समोर ओढली.

“मला वाढा,” ती म्हणाली.

मांडवात पाचसात पुरुष खुर्च्यांवर पाय पसरून बसले होते. अण्णा होते, भरमू होता. कुणी हललं नाही. भरमूनं तानूआक्काकडं बघितलं, आक्का वाढेल म्हणून. तानूआक्का उंबऱ्यात उभी होती, पहाटेपासून तोंडात पाणी नाही. अडतीस वर्षांत या घराच्या कुठल्याच पंगतीत ती बसली नव्हती. शेवटी चुलीपाशी, उरलंसुरलं. ती हळूहळू चालत आली आणि दर्शनीच्या शेजारी मांडी घालून बसली.

“मी बी बसतो गं,” ती म्हणाली. “पाय लई दुखाल्यात.”

मग सौम्या बसली.

आता वाढायला घरात बाई उरली नव्हती. बाळाबाई होत्या, पण ऐंशीच्या वयात बादली त्यांना उचलत नव्हती. त्यांनी थोरल्याकडं बघितलं, मग धाकट्याकडं. कितीतरी वेळ गेला. गदगेकडून हलगी ऐकू येत होती. दर्शनी समोरच्या रिकाम्या पत्रावळीकडं बघत राहिली. उठायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. रात्र झाली तरी.

आधी भरमू उठला. त्यानं पाव आणले. मग अण्णांनी खुर्ची मागं सारली, बादली उचलली आणि तीन पानांवर रस्सा वाढला. बाह्या वर सारल्या नाहीत. कडेला आलेला थेंब शर्टावर पडला, तो त्यांनी कुणी बघितला का ते बघून पुसला.

दर्शनीनं पाव बुडवून घास घेतला. ‘कसं झालंय’ म्हणून कुणी विचारलं नाही.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

अण्णा मिठाची वाटी आणायला आत गेले. तेवढ्यात बाळाबाईंचा आवाज आला, रडवेला, “आणि ती भांडी? ती कुणी घासायची आता?”

तानूआक्का जेवत होती. तिनं मान वर केली नाही. “त्यास्नीच इचारा की,” ती म्हणाली. “शिट्टी त्येंच्याजवळ हाय.”